झोका निवडताना आधी मूल पाहा
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



विहारात कर्णा सुरू झाला की एखादे मूल कान दाबून किंचाळते. लगेच माना वळतात. कोणी म्हणते, आईने लाडावून ठेवले आहे. कोणी अंगारा सुचवते. 1956 साली नागपूरला बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाला हे शोभत नाही. ते मूल हट्टी नसते. आवाज, स्पर्श, उजेड त्याला आपल्यापेक्षा तीव्र लागतो.

आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारे इंद्रिय असते. संथ, एका लयीतल्या झोक्याने त्याला दिलासा मिळतो आणि पुष्कळ मुले शांत होतात. आपल्या आज्या लुगड्याची झोळी बांधून हेच करीत. अमेरिकेतील व्यवसायोपचार तज्ज्ञ जीन एअर्स यांनी 1972 च्या आपल्या ग्रंथात संवेदनांचा हा विषय शास्त्रीय पद्धतीने मांडला.

आता माझीच चूक सांगतो. दुकानात दिसला तो गोल झोका मी आणला आणि मुलाला गरगर फिरवले. तो आधी खूप हसला, मग पांढराफटक पडला, ओकला आणि रात्रभर झोपला नाही. पुढे एका तज्ज्ञ बाईंनी समजावले: गरगर फिरणे चेतवते, पुढे-मागे संथ हलणे निववते.

म्हणून आधी मूल पाहा. गोधडीत घट्ट गुंडाळून घेणाऱ्या मुलाला अंग सर्व बाजूंनी दाबणारी, ताणल्या जाणाऱ्या कापडाची झोळी मानवते. कोंडल्यासारखे वाटून घाबरणाऱ्याला रुंद, सपाट झोका द्या. पाय जमिनीला टेकू द्या. पंख्याचा हूक किंवा पत्र्याखालचा अँगल यांवर भरवसा ठेवू नका. स्लॅबमध्ये किंवा तुळईत जाणत्या मिस्त्रीकडून कडी बसवून घ्या आणि आधी मोठ्या माणसाने बसून पाहावे. खाली गादी, चहूबाजूंनी मोकळी जागा आणि जवळ एक मोठे माणूस हवेच. फिट येणाऱ्या मुलाबाबत आधी डॉक्टरांना विचारा. सुरुवात पाच मिनिटांनी करा. घाम सुटला, चेहरा उतरला की थांबा. मुलाने 'पुरे' म्हटले की ती आज्ञाच समजा.

भगवंतांनी सोण भिक्खूला वीणेचा दाखला दिला होता. तार फार ताणलेली नको, फार सैलही नको. झोक्याचेही तसेच आहे.

झोका हा इलाज नव्हे, घटकाभराचा विसावा आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र काढण्यात लाज कसली? विद्यार्थ्यांनी अशा घरांना अर्ज भरून द्यावेत.

ज्यांच्या एका खोलीत झोका टांगता येत नाही, त्यांच्यासाठी संस्थेने विहाराच्या अभ्यासिकेत एक कोपरा द्यावा. आणि उद्यापासून कर्ण्याचा आवाज थोडा उतरवावा. त्याला पैसा लागत नाही. करुणा लागते.

नमो बुद्धाय! जयभीम!