उभ्या बोटीचे दुखणे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दीपनगरच्या माणसाने बोटीवर बोलायचे म्हणजे आधी थोडा खुलासा करायला हवा. आमच्याकडे समुद्र नाही. आहे ती तापी आणि तिच्यावरचे हतनूर धरण. मी आयुष्यभर वीज केंद्रात पंप आणि गिअरबॉक्स उघडले आणि बसवले. निवृत्तीनंतर बोटीच्या नादाला लागेन असे कधी वाटले नव्हते. पण खान्देशात इंजिनाची बोट ही हौसेची वस्तू नाही. हतनूरचे 41 दरवाजे उघडले की काठावरच्या गावांत काय धावपळ होते, ते तुम्ही पाहिलेले आहे. 2006 च्या ऑगस्टमध्ये हीच तापी खाली सुरतेत घराघरांत शिरली होती. अशा वेळी बोट लागते, आणि ती हाक मारताच चालू व्हावी लागते.

2014 साली एका कार्यालयाने मुंबईकडून एक वापरलेली फायबरची बोट आणली. कार्यालयाचे नाव सांगण्यात अर्थ नाही. बोटीला स्टर्नड्राइव्ह होता. म्हणजे काय, तर इंजिन मोटारीसारखे बोटीच्या आत, अगदी मागच्या बाजूला. बोटीच्या मागच्या भिंतीला भोक पाडून त्यातून दांडा बाहेर काढलेला, आणि बाहेर पाण्यात लोंबणारा एक पाय. शक्ती इंजिनातून आडवी बाहेर येते, गिअरवरून वळून पायात उभी खाली उतरते आणि पुन्हा वळून पंख्याला मिळते. हा पाय डावीकडे-उजवीकडे वळतो, त्यानेच बोट वळते, आणि उथळ पाण्यात तो वर उचलता येतो. व्होल्व्हो पेंटा या स्वीडिश कंपनीने 1959 साली अशी रचना बाजारात आणली. रचना हुशारीची आहे, पण सगळे नाजूक अवयव पाण्याच्या आणि इंजिनाच्या सीमेवर बसलेले आहेत.

पावसाळ्यापूर्वी धरणाच्या फुगवट्यात रंगीत तालीम होती. बोटीत सहा माणसे. दहा मिनिटे झकास चालली. मग भोंगा वाजू लागला, इंजिन तापले, बंद करावे लागले. वारा जोराचा होता, बोट वाहत निघाली. शेवटी मासेमारी करणाऱ्या दोन भावांनी वल्ह्याच्या होडीने दोर टाकून ती काठाला ओढून आणली. पूर असता तर?

बोट चालवणारा मुलगा माझ्या ओळखीचा. संध्याकाळी घरी आला, पार पडलेल्या चेहऱ्याने. म्हणाला, "काका, मी दर सोमवारी इंजिन चालू करून पाहत होतो हो. वहीत लिहिलेलं आहे." वही खरोखरच त्याने सोबत आणली होती. 'इंजिन दोन मिनिटे चालू केले. ठीक.' अशा वीस-बावीस नोंदी, एकही सोमवार चुकलेला नाही.

मी विचारले, "बोट कुठे होती तेव्हा?"

"शेडमध्ये, ट्रेलरवर."

तिथेच उत्तर मिळाले. हे इंजिन थंड राहते ते बाहेरच्या पाण्याने. ते पाणी ओढायला या बोटीच्या पायात एक छोटा पंप आहे, आणि त्यात रबरी पात्यांचे चाक, इम्पेलर. पाती पंपाच्या भिंतीला घासतच फिरतात. पाणी असेल तर तेच त्यांचे वंगण. पाणी नसेल तर काही सेकंदांत रबर तापते, करपते. म्हणजे पोराने इमानेइतबारे दर सोमवारी केलेली तपासणीच पंपाला मारत होती. त्याला कोणी सांगितलेच नव्हते. बोटीबरोबर आलेले इंग्रजी पुस्तक कपाटात कुलपात होते.

दुसऱ्या दिवशी पंप उघडला. सहापैकी एकही पाते जागेवर नव्हते. नवे चाक बसवले की काम संपले असे नाही. तुटलेले तुकडे पाण्याबरोबर पुढे जातात आणि अरुंद जागी अडकून तिथे पाणी रोखतात. ते मोजून काढावे लागतात. पाच लगेच सापडले. सहाव्यासाठी दीड दिवस गेला. तो एका नळीच्या वाकणात पार रुतून बसला होता. पाणी बाहेर पडण्याच्या एका तोंडात कुंभारमाशीने मातीचे घर केलेले होते, तेही काढले.

पाय उघडलाच होता, म्हणून खालचा बूच काढून तेल पाहिले. तेल दुधाच्या चहासारखे. गिअरच्या तेलाचा असा रंग झाला की पाणी शिरले समजावे. पंखा काढला तर दांड्याला मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉनचा धागा करकचून गुंडाळलेला. त्याने मागचे रबरी सील कापले होते. सील बदलले. नवे तेल भरताना एक गोष्ट ध्यानात ठेवायची: ते खालच्या भोकातून पंपाने वर चढवायचे, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतले तर आत हवा अडकते, पाय भरला असे वाटते आणि तो भरलेला नसतो. बुचांखालचे वायसर दर वेळी नवे.

खरी धास्ती वाटली ती पुढे. दांडा जिथे भिंतीतून बाहेर येतो तिथे मोटारीसारखा क्रॉसचा सांधा असतो, आणि त्यावर पेटीच्या भात्यासारखे घड्यांचे रबर. भुसावळच्या उन्हात पाय वर उचललेल्या स्थितीत महिनोन्‌महिने उभी राहिल्याने भात्याच्या घड्या एका बाजूला चिरल्या होत्या. अजून आरपार भोक नव्हते. पडले असते तर पाणी आधी सांध्यावर आणि बेअरिंगवर, मग बोटीत. नांगरलेली बोट उभ्या उभ्या बुडते ती अशीच. तेव्हापासून बोट ठेवताना पाय पूर्ण खाली सोडतात. घड्या सारख्या राहतात आणि पायातले पाणीही निथळते.

आणखी एक गंमत. पायाचे अंग ॲल्युमिनियमचे. ते गंजू नये म्हणून त्यावर दुसऱ्या धातूचा गोळा लावतात. तो स्वतः झिजतो आणि पायाला वाचवतो. वीज केंद्रातल्या कंडेन्सरमुळे हा प्रकार मला परिचयाचा होता. पण या बोटीचा गोळा अगदी नव्यासारखा, आणि पायालाच खड्डे पडलेले. गोळा जस्ताचा होता, म्हणजे खाऱ्या पाण्याचा. गोड्या पाण्यात जस्तावर कडक थर धरतो आणि ते काम थांबवते. तापीच्या पाण्याला मॅग्नेशियम हवे. जो गोळा झिजत नाही तो बिघडलेला, हे कार्यालयातल्या साहेबांना पटवायला मला पाण्याच्या दोन परीक्षांपेक्षा जास्त वेळ लागला. "चांगला आहे तो कशाला बदलायचा?" हा त्यांचा प्रश्न. लेखापरीक्षणात तो विचारला जाणार, हेही खरेच.

शेडमध्ये इंजिन चालवायचेच तर पायाच्या दोन बाजूंना पाणी ओढायच्या जाळ्या असतात, त्यांवर दोन रबरी वाट्या बसवून बागेच्या नळाचे पाणी सोडायचे. आधी पाणी, मग चावी. पंखा काढून ठेवायचा, जवळ कोणी उभे राहायचे नाही. आमच्या नदीचे पाणी गाळाचे, त्यामुळे पुरातून आल्यावर याच वाट्यांनी आतला गाळ धुऊन काढायचा. इम्पेलर दर वर्षी मे महिन्यात नवा, जुना चांगला दिसला तरी. जुना फेकायचा नाही, बोटीतच ठेवायचा, हत्यारांसकट.

त्या मुलाने वहीत नवे रकाने आखले: नळ जोडला का, पाणी बाहेर पडले का, तेलाचा रंग, भाता बोटाने दाबून पाहिला का. 'ठीक' हा शब्द त्याने काढूनच टाकला. आणि रबराचे ते सहा तुकडे काडेपेटीत घालून चावीच्या खिळ्याला टांगून ठेवले आहेत. नवा माणूस कामाला आला की चावी देण्यापूर्वी तो काडेपेटी उघडून त्याच्याकडून तुकडे मोजून घेतो.