उकुलेलेला पट्टा हवा का?

धुळ्यातून बोलतोय. मागच्या भागात एक विषय राहिला होता, उकुलेले धरायचं कसं आणि पट्टा घ्यायचा का.

वाद्य जवळ असेल तर आत्ताच वाजवायला धरतो तसं धरा आणि डावा हात अलगद काढून घ्या. नेक खाली गेली? म्हणजे तुमचा डावा हात वाजवत कमी होता आणि ओझं जास्त उचलत होता. सी वरून जी वर जाताना बोटं अडकतात ती बरेचदा यामुळेच, मनगट दुखतं ते वेगळंच. आधीच आपण दिवसभर कीबोर्ड बडवणारी माणसं! दुखलं की थांबायचं.

बसून वाजवताना बॉडी मांडीवर टेकवा, उजव्या हाताने कोपराखाली हलकेच छातीशी धरा, नेक थोडी वर. सोप्रानो जेमतेम २१ इंचांचं, एवढ्यावर भागतं. टेनर २६ इंचांचं, उभं राहिलं की ते घसरतं. तिथे पट्टा घ्याच.

पट्टा म्हणजे नवशिकेपणा, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. आपल्या मुक्ताईनगरहून मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघते, त्यातला वीणेकरी बघा. वीणा गळ्यात, हातात चिपळ्या, आणि वर चालणं. त्याला कोण नवशिका म्हणेल?

फक्त घेताना बघून घ्या. साउंडहोलला हुक अडकवायचा पट्टा स्वस्त पडतो, भोकंही पाडावी लागत नाहीत, पण दोन्ही हात सोडले की उकुलेले पुढे कोलमडतं. दोन बटणांचा पट्टा असेल तर बिनधास्त सोडा. बटणं दुकानातच बसवून घ्या, घरी ड्रिल नको.