फडावरचे अन्न आणि अन्नाचे शिक्षण



दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील पाटोदा, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतून, आणि शेजारच्या पाथर्डी-जामखेडकडूनही, हजारो कुटुंबे भांडीकुंडी व लेकरेबाळे घेऊन ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांकडे निघतात, आणि गळिताचा हंगाम आटोपेपर्यंतचे पाच-सहा महिने त्यांचा संसार पाचटाच्या कोपीत मांडलेला असतो. मुकादमाच्या वहीत नवराबायकोच्या जोडीला मिळून एक ‘कोयता’ अशी नोंद होते. पावसाळ्यात घेतलेली उचल त्या कोयत्याने फेडावयाची असते, आणि एक दिवस खाडा झाला तर त्याची भरपाईही त्याच हिशेबातून वळती होते. या मंडळींना आहारशास्त्राचे ज्ञान कसे पोहोचवावे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

ज्ञान पोहोचविणाऱ्याने प्रथम त्या कोयत्यातील स्त्रीचा दिवस पाहिला पाहिजे. पहाटे तीन-चारला उठून, दूरवरून पाणी आणून, दिवसभराच्या भाकरी ती चुलीवर थापते. उजाडण्यापूर्वी फडात पोहोचते. पुरुषाने तोडलेला ऊस गोळा करून मोळ्या बांधते, त्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. आणि रात्री-अपरात्री वाहन आले तर भरणीसाठी पुन्हा उभी राहते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 साली ठरविलेल्या मानाप्रमाणे जड श्रम करणाऱ्या स्त्रीला दररोज सुमारे 2720 कॅलरी ऊर्जा लागते, म्हणजे बैठे काम करणाऱ्या स्त्रीपेक्षा हजाराहून अधिक. परंतु ऊर्जेचे हे मान कितीही बिनचूक असले तरी, घरातील सर्वांची पाने वाढून झाल्यावर उरलेल्या अर्ध्या भाकरीवर आणि ठेच्यावर जिचे जेवण उरकते, तिच्या बाबतीत ते कागदावरच राहते. त्यात आडोशाची सोय नसल्यामुळे ती दिवसा पाणीही बेताने पिते. महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी 54.2 टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त असल्याचे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले. ही सबंध राज्याची सरासरी आहे, आणि फडावरचे श्रम व फडावरचे ताट पाहता तेथील चित्र याहून बरे असेल असे मानण्यास मला काहीच आधार दिसत नाही.

अशा स्त्रीपुढे फळे, दूध आणि अंडी यांची रंगीत चित्रे टांगणे हे मी शिक्षण मानीत नाही. तिच्या शिदोरीत आहे त्याचाच विचार आधी करावयास हवा, आणि तो करण्याजोगा आहे. बाजरीत लोह पुष्कळ असते, पण धान्यातील लोह शरीरात सहजासहजी शोषले जात नाही. त्याच जेवणात लिंबाची फोड किंवा आवळा असेल तर हे शोषण वाढते, आणि जेवणालगत चहा घेतला तर ते घटते. चहा तासभर पुढे ढकलावा, एवढी सूचना विनाखर्चाची आहे. हुलगा आणि मटकी ही कोरडवाहू मुलखाची कडधान्ये गावाकडून निघतानाच बांधून घेता येतात. हुलग्याचे शेंगोळे ज्या घरात पिढ्यानुपिढ्या होत आले आहेत, त्या घराला प्रथिनांचा परिचय नव्याने करून द्यावा लागत नाही, फक्त फडावरही ते शिजावेत इतके सरपण आणि इतकी उसंत हवी. बांधावरच्या घोळ, पाथरी, चाकवत या रानभाज्यांची शिफारस मी आनंदाने करीन. परंतु उसाच्या शेतांत तणनाशके फवारली जातात, तेव्हा शेतमालकाला विचारल्यावाचून भाजी खुडू नये, हेही त्याच श्वासात सांगितले पाहिजे. जो उपदेशक पहिले सांगतो आणि दुसरे विसरतो, त्याने फड पाहिलेला नसतो.

एका धान्यावरच गुजराण करण्याचे परिणाम दख्खनने पूर्वी भोगलेले आहेत. ज्वारीवरच प्रायः जगणाऱ्या हैदराबादकडील गरीब मजुरांत पेलाग्रा हा रोग आढळतो, हे डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी 1960 साली दाखवून दिले. मका खाणाऱ्या देशांचा समजला जाणारा हा रोग ज्वारीच्या मुलखात कसा आला, याचे कारण ज्वारीतील ल्यूसिन या घटकाच्या आधिक्यात असावे, असे त्यांनी सुचविले. दोष ज्वारीला देणे अन्यायाचे होईल; तिच्या सोबतीला दुसरे काही नसणे, हे त्या आजाराचे मूळ होते.

आता हे सांगावे कोणी? याचे उत्तर ज्या मुलखातून मजूर निघतात त्याच मुलखात मिळालेले आहे. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने जामखेडला काम आरंभिले, तेव्हा गावकऱ्यांनी औषधाआधी अन्न आणि पाणी मागितले, आणि त्या उभयतांनी ती मागणी मानली. पुढे त्यांनी गावोगावच्या स्त्रियांनाच आरोग्यसेविका म्हणून शिकविले. त्यांतील कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित कुटुंबांतल्या होत्या, आणि तरीही बाळाला वरचे अन्न केव्हा सुरू करावे, गरोदर बाईने काय खावे, हे त्यांच्या तोंडून ऐकून गावाने आपल्या रीती बदलल्या. टोळीबरोबर निघणाऱ्या अशाच एखाद्या स्त्रीला गावातच तयार केले, तर ती कोपीत राहील, पहाटेच्या चुलीपाशी बसेल, आणि तिचे बोलणे परक्याच्या उपदेशासारखे टोचणार नाही.

मात्र तिच्या एकटीच्या खांद्यावर हा भार टाकून कारखान्याने आणि सरकारी कचेरीने हात झटकावेत, हे मला मान्य नाही. शिधापत्रिका आता परगावीही चालते. पण गावी राहिलेल्या वृद्ध आईबापांचा वाटा कायम ठेवून उरलेले धान्य फडाजवळच्या दुकानी उचलता येते, हे टोळीतील प्रत्येकाला समजावून सांगणे आणि तसा बंदोबस्त करणे हे तहसील कचेरीचे काम आहे. ते धान्यही मुख्यत्वे गहू-तांदूळच असते. डाळीची उणीव कारखान्याने रास्त दराने भरून काढावी, कोपीपर्यंत पाण्याचा टँकर पाठवावा, आणि तळावरील लेकरांची नावे जवळच्या अंगणवाडीच्या पटावर चढविण्याची जबाबदारी शेतकी विभागाच्या एका नेमलेल्या माणसाकडे सोपवावी. या गोष्टींची तजवीज ट्रक गावातून हलण्यापूर्वी, उचल वाटली जाते त्या दिवसांतच, मुकादम, कोयत्यातील दोघे आणि घरची सासू समोर असताना झाली पाहिजे. कारण शिदोरीत काय बांधावयाचे आणि पहिले ताट कोणाला वाढावयाचे, हे त्याच घरात, त्याच माणसांच्या संमतीने ठरत असते.