कॉलेज उघडण्याआधीचे दोन महिने



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. पुढे महाराष्ट्रात गावोगावी त्याच रीतीनं मे महिन्यात खुर्च्या मांडल्या जाऊ लागल्या, आणि आपली ही मालाही त्याच घराण्यातली आहे. समोर बारावीची परीक्षा दिलेली बरीच मुलंमुली दिसताहेत, त्यांच्या शेजारी आईवडील आहेत. कार्यकर्त्यांनी मला विषय दिला, 'सतरा वर्षांच्या मला'. म्हणून आज बोलणार आहे ते एका मुलीशी. १९७८ साली सोलापूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावाहून ती पुण्याला बी.ए.ला आली. मराठी माध्यमातली होती. घरात तिच्या आधी कॉलेजात कुणी गेलेलं नव्हतं. पुढे मी अर्थशास्त्र शिकवलं, आणि दर जूनमध्ये तीच मुलगी नव्या नावानं, नव्या जिल्ह्यातून वर्गात येऊन बसलेली पाहिली. तेव्हा तिला सांगायचं ते एकट्या माझ्या अनुभवातून आलेलं नाही.

अगं मुली, आपल्याकडे कॉलेजची तयारी म्हणजे सामानाची तयारी. तेव्हा ट्रंक, गादी, बादली आणि स्टोव्ह होता. आता लॅपटॉप आणि कॉटवरची चादर आहे. सामान लागतंच, ते आई भरेल. तुझी तुलाच करायची अभ्यासाची तयारी एकच आहे. एक मोठं, अवघड प्रकरण कुणी तुकडे करून न देता सलग वाचायचं आणि ते आपल्या शब्दांत अर्ध्या पानावर उतरवायचं. एवढी सवय घेऊन तू गेलीस, तर बाकीचं तिथं गेल्यावर जुळेल.

हे इतकं ठासून का सांगते, ते ऐक. बारावीपर्यंतचं पुस्तक तुझ्यासाठी कुणीतरी आधीच चावून ठेवलेलं असतं. धड्याखाली स्वाध्याय, बाजारात अपेक्षित प्रश्नसंच, क्लासच्या नोट्स, आणि उत्तर किती ओळींचं लिहायचं तेही ठरलेलं. कॉलेजात अभ्यासक्रमाचा कागद हातात पडतो. त्यावर प्रकरणांची नावं असतात आणि शेवटी संदर्भग्रंथांची यादी. त्या यादीतलं कुठलं पुस्तक, कुठल्या पानापासून, हे कुणी सांगत नाही. मग जून ते सप्टेंबर मुलगी भांबावलेली राहते आणि परीक्षा जवळ आली की अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानातून गाइड आणते. गाइड पास करतं, हे मी नाकारत नाही. पण त्यानं काय हातचं जातं, ते माझ्याच विषयातल्या एका उदाहरणानं सांगते.

१९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा 'पॉव्हर्टी इन इंडिया' हा ग्रंथ आला. तो लिहिला गेला पुण्यातच, डेक्कन जिमखान्यावरच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत. गाइडमध्ये त्याबद्दल दोन-तीन ओळी असतात: दारिद्र्यरेषा माणशी दररोज २,२५० उष्मांकांवर आधारलेली, १९६०-६१च्या किमतींनुसार ग्रामीण भागात माणशी महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस. विद्यार्थी पाठ करतात, लिहितात, गुण मिळवतात. मूळ ग्रंथ उघडला की निराळंच जग दिसतं. राष्ट्रीय नमुना पाहणीतले कुटुंबांच्या खर्चाचे आकडे दोघे संशोधक समोर ठेवतात. किती खर्च करणाऱ्या घरात पोटाला पुरेसं अन्न जातं, हे त्यातून शोधतात. शहर आणि खेडं वेगळं का धरायचं, याचा विचार करतात. मग प्रश्न पडायला लागतात. भुकेचं मोजमाप नुसत्या उष्मांकांनी होईल का? औषधपाणी, कपडालत्ता, मुलांच्या फिया कुठे मोजल्या? पुढे देशात याच प्रश्नांवर वर्षानुवर्षं वाद झाले. पंधरा रुपये हा आकडा तर गाइडमध्येही आहे. पण तो आकडा माणसांनी काढलाय, तो निराळा निघू शकला असता, त्यावर आपणही बोलू शकतो, हे मूळ पुस्तकच शिकवतं. कॉलेजात जायचं ते यासाठी, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून या दोन महिन्यांत गावच्या वाचनालयातून तुझ्या विषयाजवळचं एक पुस्तक आण. अभ्यासक्रमातलं नको. रोज एका प्रकरणाचा जेवढा भाग जमेल तेवढा वाच. पुस्तक मिटून लिही: लेखकाचं म्हणणं काय, त्यानं पुरावा काय दिला, मला काय पटलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडून ताडून बघ. पहिले आठ दिवस कंटाळा येईल, मन फोनकडे धावेल. नवव्या-दहाव्या दिवशी पानाला पान लागायला लागतं, हे मी अनेक मुलींच्या बाबतीत पाहिलंय.

आता तुझी सगळ्यात मोठी भीती: इंग्रजी. आईवडील या सुट्टीत स्पोकन इंग्लिशच्या क्लासला पैसे भरतात. बोलण्याची भीड चेपायला त्याचा उपयोग होईलही, पण तुझी अडचण निराळी आहे. इंग्रजी पान समोर आलं की एकाच वेळी दोन डोंगर चढावे लागतात, नवी भाषा आणि नवी कल्पना. मी सांगते, कल्पना मराठीत आधी चढून घे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादकत्वाखाली वाईला मराठी विश्वकोशाचं काम उभं राहिलं. पहिला खंड १९७६ साली आला. आज त्याचे वीस खंड तुझ्या फोनवर फुकट उघडतात. उद्या वर्गात जो विषय आहे, त्याची विश्वकोशातली नोंद आज रात्री वाच. मीठ महागलं तरी घरात तेवढंच लागतं, सिनेमाचं तिकीट महागलं की माणसं जाणं कमी करतात, एवढं एकदा मराठीत मनात बसलं, की मागणीच्या लवचिकतेवरचं इंग्रजी प्रकरण निम्मं ओळखीचं वाटायला लागतं. अडलेल्या संज्ञांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत. अर्थशास्त्र, मानसशास्त्र, भौतिकशास्त्र अशा विषयवार ते निघालेत. या कोशांवर मोठमोठ्या विद्वानांनी आयुष्याची वर्षं घातली आणि कॉलेजांच्या कपाटांत ते कोरे करकरीत पडून असतात, याचं मला फार वाईट वाटतं. बी.ए., बी.कॉम.च्या बहुतेक विषयांची उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते. पहिल्या वर्षी खुशाल मराठीत लिही. वाचायचं मात्र इंग्रजीतही, पहिल्या दिवसापासून.

यानंतर विचारणं. आपल्या घरांतून मुलींना 'मध्ये बोलू नको' हे इतक्या लहानपणापासून शिकवतात की स्टाफरूमच्या दारात पाय अडखळतो. तिथं बसलेल्या बाईला कुणी प्रश्न विचारायला आलं की आनंद होतो, हे मी त्या खुर्चीवर बसून सांगते. नुसतं 'मॅडम, हे समजलं नाही' म्हणू नकोस. 'इथपर्यंत समजलं, या ओळीपासून पुढे अडलं' असं म्हण. शिक्षकांकडून कसं घ्यावं, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडून शीक. ते एल्फिन्स्टन कॉलेजातून १९१२ साली बी.ए. झाले आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथं त्यांनी अर्थशास्त्राबरोबर इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र अशा विषयांच्या वर्गांना नावं घातली. सेलिग्मन, ड्यूई यांच्यासारख्या शिक्षकांकडून जेवढं घेता येईल तेवढं घेतलं. त्याच बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला मराठवाड्यातल्या मुलांसाठी कॉलेज उघडलं, जे आज मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं जातं. जे आपण दूरदेशी जाऊन मिळवलं, ते इथल्या मुलांच्या दारात यावं, अशी ती तळमळ होती. तुझ्या दाराशी आलेलं ग्रंथालय आणि शिक्षक यांच्यामागे अशी माणसं उभी आहेत.

ग्रंथालयात पहिल्याच आठवड्यात जा आणि ग्रंथपालांना विचार की कपाटांपर्यंत जाऊ देतात का. जाऊ देत असतील, तर पुस्तकांच्या पाठीवरचे आकडे ओळखायला शीक. ड्यूईच्या दशांश पद्धतीत ३३० म्हणजे अर्थशास्त्र, ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य. हा ड्यूई निराळा, ग्रंथपाल मेल्विल ड्यूई. एकदा आकडा कळला की हव्या त्या पुस्तकाच्या शेजारची चार पुस्तकंही हाती लागतात, आणि पुष्कळदा शेजारचंच अधिक कामाचं निघतं.

कागदपत्रांचं झटपट सांगते, पण हलकं घेऊ नका. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर: हे सेतू केंद्रातून आणि तहसिलीतून आत्ताच, मे महिन्यात मिळवा. जात पडताळणीचा अर्ज जिल्हा जात पडताळणी समितीकडे करावा लागतो, तोही आत्ताच करा. जुलैत रांगा लागतात. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज भरताना मुलीचं स्वतःचं, आधारशी जोडलेलं बँक खातं लागतं. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार, अशा योजना आहेत. कुठली कुठल्या अभ्यासक्रमाला लागते, ते नीट वाचा. पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समितीनं १९५५ पासून खेड्यातल्या मुलांच्या राहण्याजेवणाची सोय केली आहे, डॉ. अच्युतराव आपट्यांनी ती उभी केली. पुणे विद्यापीठाची 'कमवा व शिका' योजनाही आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी शिकत शिकत कष्ट करण्याला जी प्रतिष्ठा दिली, तिच्यामुळे हातात झाडू किंवा रोपवाटिकेतली कुदळ घेणाऱ्या मुलाला आपल्याकडे मान खाली घालावी लागत नाही. त्या योजनेत काम करणारी मुलं मी वर्गात पाहिलीत. वेळेचा हिशेब त्यांच्याइतका चोख कुणाचाच नसतो.

वसतिगृहात खोली वाटून देताना निवड करता आली, तर आपल्या गावची मैत्रीण मागू नकोस. दुसऱ्या जिल्ह्यातली, दुसऱ्या घरातली मुलगी माग. गडचिरोलीची आणि सावंतवाडीची मुलगी एका खोलीत राहिल्या की भात कसा शिजवायचा इथपासून देव कुठला इथपर्यंत सगळं बोलावं लागतं. आपल्या समाजात ही बोलणी एरवी होतच नाहीत. रात्री रडू येईल, घरची आठवण येईल, मेसची भाजी घशाखाली उतरणार नाही, सगळ्यांनाच होतं. एसटीनं आलेल्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी वाटून खाल्ली की दोघींचंही हलकं होतं. कुणी त्रास दिला, चिडवणं मर्यादेबाहेर गेलं, तर गप्प बसू नकोस. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. लेखी तक्रार दिल्यावर तिची दखल घेणं संस्थेला बंधनकारक आहे.

आता शेवटची गोष्ट. ही मुलीला सांगायची आहे आणि तिच्या वडिलांनाही. नव्या शैक्षणिक धोरणानं पदवीची रचना बदलली, आणि २०२४-२५ पासून ती आपल्या संलग्न कॉलेजांतही आली. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह असे विषय आले, श्रेयांकांचा हिशेब आला. साधारण पंधरा तासांचं शिकवणं म्हणजे एक श्रेयांक. मायनर विषय मैत्रिणीनं घेतला म्हणून घेऊ नका. पुढे बराच काळ तो सोबत असतो. पण मला खरी काळजी वाटते ती बाहेर पडण्याच्या दरवाजांची. एक वर्ष झालं, ठरलेले श्रेयांक मिळवले, तर सर्टिफिकेट. दोन वर्षांनी डिप्लोमा. तीन वर्षांनी पदवी. चार वर्षांनी ऑनर्स. बाहेर पडलेल्याला तीन वर्षांत परत येता येतं आणि सगळं मिळून सात वर्षांत पदवी पुरी करता येते. आजारपणामुळे, कमाईसाठी ज्यांना शिक्षण सोडावं लागतं, त्यांच्यासाठी ही चांगली सोय आहे. तिचं मी स्वागत करते. पण माझ्या वर्गातल्या हजेरीपटावरून दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर ज्यांची नावं गळाली, त्यांतल्या किती मुली आजारी होत्या? स्थळ आलं होतं. तेव्हा निदान 'पदवी अर्धवट राहिली' हे शब्द बापाच्या मनाला टोचायचे. आता हातात सर्टिफिकेट आहे, तेव्हा 'झालं की शिक्षण' असं म्हणायला घराला सोपं जाईल, याची मला भीती वाटते. आणि लग्नानंतर तीन वर्षांत सासरहून परत वर्गात येऊन बसणं किती जणींना जमेल, ते तुम्हीच सांगा.

म्हणून मुली, फी भरायच्या आधी, या मे महिन्यातच घरात बोलणं करून घे. तीन वर्षं पुरी करायची. चांगले गुण पडले तर चौथंही करायचं. मध्ये स्थळ आलं, तर त्यांना थांबायला सांगायचं, आणि जे थांबणार नाहीत त्यांना नाही म्हणायचं. हे बोलणं आईशी स्वयंपाकघरात नको. आजी, मामा, काका, ज्यांचा शब्द घरात चालतो, ते सगळे बसलेले असताना कर. आणि इथं बसलेल्या वडिलांनो, तुमच्या मुलीला हा विषय काढायला जड जाईल. तिनं काढायची वाट पाहू नका. प्रवेशाचा अर्ज भरायच्या आधी तुम्हीच काढा, आणि सगळ्यांसमोर तिला शब्द द्या.