पाळण्यातले मूल आधी चालू लागू द्या
(चिंचपोकळी येथे, गावाहून ये-जा करणाऱ्या जोडप्यांपुढे केलेले भाषण)



तुमच्यापैकी पुष्कळांचा एक पाय गावी असतो आणि एक मुंबईत. बाळंतपण माहेरी, गणपतीला गाव, मग पुन्हा चिंचपोकळीची खोली. गिरण्यांचे भोंगे बंद झाले, पण ही ये-जा काही थांबली नाही. कडेवरचे मूलही तुमच्याबरोबर फिरते. त्याच्याविषयीच आज बोलायचे आहे.

इथे जवळच साथीच्या रोगांचे कस्तुरबा रुग्णालय आहे. २०२२ सालच्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ आली, तेव्हा गोवंडीकडची कितीतरी मुले तिथे आणावी लागली. त्यांतल्या पुष्कळांना गोवराची लस मिळालेलीच नव्हती. गोवर म्हणजे देवीचा फेरा, त्याला औषध करू नये, असे काही घरांत अजून म्हणतात. पण गोवराच्या मागून न्यूमोनिया येतो, हगवण लागते, प्रसंगी डोळेही जातात. आणि मूल आधीच अशक्त असेल तर तो जास्तच छळतो. मग मूल अशक्त का राहिले, हे आपण विचारायला नको का?

आफ्रिकेतल्या घाना देशात पूर्वी डॉ. सिसिली विल्यम्स नावाच्या बाई काम करीत. अंगाला सूज, केस भुरके, सारखी किरकिर, अशा मुलांच्या आजाराविषयी त्यांनी १९३३ साली लिहिले. तिथले लोक त्याला ‘क्वाशिओरकोर’ म्हणत. धाकटे बाळ आल्यामुळे बाजूला पडलेल्या मुलाचा आजार, असा त्याचा अर्थ. तिथल्या आयांनी कारण बरोबर हेरले होते. आई लवकर पुन्हा गरोदर राहिली, मोठ्याचे अंगावरचे दूध तुटले आणि वाटीत नुसती मक्याची पेज आली.

आपल्याकडे याहून वेगळे काय होते? बाळंतपणात आणि दूध पाजण्यात आईचे शरीर झिजते. ते भरून यायला वेळ लागतो. त्याआधीच दिवस गेले, तर पुढचे बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे होण्याचा धोका वाढतो. अडीच किलोहून कमी वजनाच्या बाळाला गारठा आणि रोग लवकर बाधतात. म्हणजे घाईने नुकसान दोघांचे, पाळण्यातल्याचे आणि पोटातल्याचेही.

म्हणून एक मूल झाल्यावर निदान दोन वर्षे पुन्हा दिवस राहू देऊ नका. ‘पहिली मुलगी झाली, आता लगेच मुलगा हवा,’ असे घरात कुणी म्हणाले, तर दोघांनी मिळून सांगा की आधी ही धडधाकट होऊ दे.

पाळणा लांबवायची साधने सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. निरोध आहे. तांबी आहे, ती बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आतही बसवता येते. दर तीन महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन आहे, ‘छाया’ गोळी आहे. कुणाला काय मानवेल ते डॉक्टरांना विचारा. पसंती तुमची, सक्ती कुणाची नाही. आणि दादांनो, कुटुंब पुरे झाले असेल, तर पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया बाईच्या शस्त्रक्रियेहून सोपी असते. सारा भार तिच्यावरच कशाला?

आता कडेवरच्या बाळाचे. जन्मल्यावर तासाभरात त्याला अंगावर घ्या. पहिले चिकाचे दूध पिळून टाकू नका. सहा महिने फक्त आईचे दूध. मध नको, गुटी नको, पाणीसुद्धा नको. सहा महिन्यांनंतर मऊ वरण-भात, नाचणीची पेज, चालत असेल तर अंडे, आणि जोडीला दोन वर्षांपर्यंत आईचे दूध. जुलाब लागले तर पाजणे थांबवू नका. क्षार-संजीवनीचे पाणी द्या आणि झिंकची गोळी सांगितल्याप्रमाणे १४ दिवस पुरी करा.

गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पुरे झाल्यावर, दुसरी १६ ते २४ महिन्यांत. लसीचे कार्ड गावच्या ट्रंकेत ठेवून येऊ नका. बाळ जाईल तिथे कार्ड गेले पाहिजे. गावी चुकलेली लस इथल्या पालिकेच्या दवाखान्यात मिळते, इथे चुकलेली गावच्या उपकेंद्रात.

आशाताई दारात आली तर तिला परत पाठवू नका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत तिथल्याच बायांना तान्ह्या बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. १९९९ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. इतर गावांशी ताडून पाहता, तिथले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. आज आशाताई बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत घरी येऊन बाळाला पाहते, वजन करते, ती त्याच वाटेने.

तर आज घरी गेल्यावर दोघांनी मिळून एवढे करा. कार्ड काढा, पुढच्या लसीची तारीख पाहा आणि पाळणा किती लांबवायचा ते ठरवा. पाळण्यातले मूल आधी चालू लागू द्या. दुसऱ्याचा विचार मग सावकाश करता येईल.