ट्रॅपखाली काय दडलंय?



स्वागताध्यक्षपदासाठी माझी पात्रता एवढीच, की माझा धंदा दगडाचा. आपण भूवैज्ञानिक दगड वाचता, मी फोडून विकतो.

युरेनियमची परिषद बेळगावात कशाला, असं काहींनी विचारलं. बैलहोंगल तालुक्यातलं देशनूर इथून जवळच आहे. बदामीची लेणी ज्या गटाच्या वालुकाश्मात खोदली, त्याच गटाच्या खडकात तिथे युरेनियम आढळलं आहे. यादगीरकडे भीमा खोऱ्यातलं गोगी तर जादुगुडा खाणीच्या धातुकाहून सरस प्रतीचं. विभंगालगतच्या चुनखडकात आणि खालच्या ग्रॅनाइटमध्ये ते सापडलं. मला समजलेलं गणित असं: ग्रॅनाइटमधलं युरेनियम प्राणवायू असलेल्या पाण्यात विरघळतं, फटींतून प्रवास करतं आणि सेंद्रिय कार्बन किंवा पायराइट भेटलं की साचतं. म्हणून आपली नजर विसंगतीच्या पातळीवर, म्हणजे जुना ग्रॅनाइट आणि त्यावरचे थर यांच्या सीमेवर, आणि विभंगांवर खिळलेली असते.

खरी अडचण पुढे आहे. देशनूर ज्या कलादगी खोऱ्यात येतं, त्याचा वायव्येकडचा भाग साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यानं झाकून टाकलाय. सिंधुदुर्ग, कोल्हापुरात हे खडक मधूनमधून डोकं वर काढतात, बाकी सगळं ट्रॅपखाली. हातभर दगडसुद्धा गॅमा किरण बहुतेक अडवतो. मग शेकडो फूट बेसॉल्टवर किरण मोजणारा काउंटर गप्प राहिला, तर त्याचा अर्थ काय लावायचा? उलट तो वाजला तरी भुलू नये. तो मोजतो ते किरण मुख्यतः युरेनियमच्या क्षयातून पुढे बनणाऱ्या बिस्मथचे. युरेनियम पाण्याबरोबर कधीच निघून गेलेलं असू शकतं. चुंबकीय आणि विद्युत सर्वेक्षणावर इथे जास्त पैसा लावायला हवा, असं माझं धंदेवाईक मत.

आणखी एक मागणं. रिकाम्या निघालेल्या बोअरचे लॉगही या परिषदेत मांडा. धातुक कुठे नाही, हे कळलं तर पुढच्याचा खर्च वाचतो. आमच्या धंद्यात असली माहिती कुणी देत नाही; आपण द्यावी.

उद्या सकाळी सातला देशनूरची बस सुटेल. बूट घालून या. गावकरी विहिरीच्या पाण्याबद्दल विचारतील. पाण्यातल्या युरेनियमसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 30 मायक्रोग्रॅम आहे, आणि पाणी तपासल्याशिवाय कुणालाच काही सांगता येत नाही, हे त्यांना कन्नडमध्ये, मराठीत, जमेल तसं समजावून सांगा. नमुन्याच्या बाटल्या बसमध्ये ठेवल्या आहेत.