संप, दुखवटा आणि तोटा
(अकादमीच्या वार्षिक संमेलनात इंदूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘बस कामगारांचा संप हा विषय भाषेच्या अकादमीत कशाला?’ असे निमंत्रण स्वीकारल्यापासून मला दोघातिघांनी विचारले. हा विषय अर्थशास्त्राच्या किंवा कामगार कायद्याच्या जाणकाराने मांडावा, असे त्यांचे म्हणणे. मला तसे वाटत नाही. गेल्या काही वर्षांत आपल्या शेजारच्या राज्यांत जे मोठे संप झाले, त्यांत रुपयांइतकीच ओढाताण शब्दांवरून झाली. कोणता शब्द मान्य होतो यावर हजारो घरांचा पगार अवलंबून होता. म्हणून आज तीन शब्दांकडे तुमचे लक्ष वेधणार आहे.

पहिला शब्द ‘संप’. मी इथल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. एकदा वर्गात वर्तमानपत्रांतले मथळे वाचत होतो. ‘एसटीत संप’ हा मथळा वाचल्यावर घरी गुजराती बोलणारी एक विद्यार्थिनी म्हणाली, “मॅडम, ही तर चांगली बातमी आहे ना?” वर्ग हसला, पण तिचे चुकले नव्हते. गुजरातीत संप म्हणजे एकी, सलोखा. मराठीतही तो अर्थ पुरता गेलेला नाही. आपण ‘संप फुटला’, ‘संप फोडला’ असे म्हणतो. संप म्हणजे नुसते काम थांबणे असेल, तर थांबलेले काम फुटेल कसे? फुटते ती एकी. हिंदीतल्या ‘हड़ताल’मध्ये हाट आणि ताला आहेत, म्हणजे बाजाराला लागलेले कुलूप. (आपल्या ‘हरताळ फासणे’ या वाक्प्रचारातला हरताळ मात्र निराळा. तो पिवळा खनिज पदार्थ आहे आणि पोथीतला चुकीचा मजकूर झाकायला वापरत. इंदूरच्या मुलांच्या उत्तरपत्रिकांत या दोन्हींची नेहमी सरमिसळ होते.)

कायद्यालाही ही एकीच खुपते. वेतनविषयक कायद्यानुसार एखादा कामगार एकटा गैरहजर राहिला, तर त्याचा त्या दिवसापुरता पगार कापता येतो. पण दहा किंवा अधिक कामगार योग्य नोटीस आणि सबळ कारण नसताना ठरवून गैरहजर राहिले, तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापण्याची मुभा मालकाला मिळू शकते. गैरहजेरी तीच, पण ती मिळून केली की तिची किंमत वाढते.

ही पार्श्वभूमी लक्षात घेतली की दुसरा शब्द समजतो. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस महाराष्ट्रात एसटी कर्मचाऱ्यांचे आंदोलन सुरू झाले. ऐन दिवाळीत ते वाढत गेले आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत राज्यातली सुमारे अडीचशे आगारे ठप्प झाली. मुंबई उच्च न्यायालयाने संपाला मनाई केली होती. तेव्हा कर्मचाऱ्यांच्या बाजूने सांगितले गेले, की हा संप नाही, हा दुखवटा आहे. त्या काळात काही सहकाऱ्यांनी आत्महत्या केल्या होत्या, त्यांच्यासाठी आम्ही दुखवटा पाळत आहोत. संपाला मनाई करता येते, सुतकाला कशी करणार? यात वकिली युक्ती होती हे उघड आहे. पण ज्या घरांतला माणूस गेला होता, त्यांच्यासाठी तो शब्द अक्षरशः खरा होता. एकाच शब्दात डावपेच आणि दुःख अशी दोन्ही सामावलेली मी क्वचितच पाहिली आहेत.

याच्या दोन वर्षे आधी तेलंगणात नवा शब्द सरकारच्या बाजूने आला होता. ५ ऑक्टोबर २०१९ रोजी तिथल्या आरटीसीचे सुमारे ४८ हजार कर्मचारी संपावर गेले. ठरलेल्या मुदतीत जे कामावर आले नाहीत, ते ‘सेल्फ डिसमिस’ झाले आहेत, असे मुख्यमंत्र्यांनी जाहीर केले. म्हणजे सरकारने कोणाला काढले नाही, त्यांनी स्वतःच स्वतःला काढले. मराठीत हे सांगायला गेलो तर व्याकरणच अडवते. ‘बडतर्फ करणे’ म्हटले की करणारा कोण हे सांगावे लागते. ‘स्वतःहून बडतर्फ झाले’ ही रचना कानाला खटकते, कारण तिच्यातून कर्ता बाहेर काढलेला आहे. ५२ दिवसांनंतर संप मागे घेतला गेला आणि त्या सर्वांना पुन्हा कामावर घेण्यात आले. स्वतःहून गेलेल्या माणसांना परत घेण्याचा अधिकार कोणाकडे होता, हे त्या दिवशी स्पष्ट झाले.

दोन्ही संपांची मुख्य मागणी एकच होती: विलीनीकरण. आम्हाला महामंडळाचे नको, राज्य सरकारचे कर्मचारी करा. अनेकांना ही मागणी अवास्तव वाटली. पगारवाढ मागा, वेळेवर पगार मागा, पण सरकारी नोकरीच कशाला? याचे उत्तर आपल्या तिसऱ्या शब्दात आहे. तो शब्द ‘तोटा’.

निजामाच्या राज्यात १९३२ मध्ये २७ बस आणि १६६ कर्मचारी घेऊन सरकारी बससेवा सुरू झाली. ती रेल्वेबरोबरच चालणारे एक सरकारी खाते होती. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये मार्ग परिवहन महामंडळ अधिनियम आला आणि बससेवेसाठी खात्याऐवजी महामंडळ हा साचा रूढ झाला. या कायद्याची दोन कलमे शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. कलम २२ सांगते, की महामंडळाने व्यापारी तत्त्वांवर काम करावे. कलम ३४ सांगते, की राज्य सरकार महामंडळाला निर्देश देऊ शकते आणि त्यांत कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती आणि वेतनही येते. शिवाय प्रवासभाड्यावरही मोटार वाहन कायद्यानुसार सरकारचेच नियंत्रण असते. म्हणजे दुकानदाराला सांगायचे, की व्यापार नीट कर. मालाचा भाव मात्र आम्ही ठरवू, कोणाला सवलतीत द्यायचे तेही आम्हीच सांगू, आणि नोकरांच्या पगारावरही आमचा शब्द चालेल. वर्षाअखेरीस खतावणीत तूट दिसली की तिला म्हणायचे ‘एसटीचा तोटा’.

सवलती वाईट आहेत असे मी म्हणत नाही. महाराष्ट्रात ग्रामीण भागातल्या विद्यार्थिनींना शाळेसाठी एसटीचा प्रवास मोफत आहे आणि त्या योजनेला आपल्या अहिल्याबाईंचे नाव आहे. २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास मिळाला, २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट. सवलतीची रक्कम सरकारने महामंडळाला भरून द्यायची असते. पण पाच प्रवासी घेऊन वाडीवर मुक्कामाला जाणारी गाडी कधीच फायद्यात नसते, आणि ती जायलाच हवी असे आपण सगळे म्हणतो. तो खर्च समाजाने मान्य केलेला आहे. शाळेच्या खर्चाला आपण तोटा म्हणत नाही, सरकारी दवाखान्याच्याही नाही. मग मुक्कामाच्या गाडीच्या खर्चालाच तोटा का म्हणायचे? आणि तो शब्द एकदा रुळला, की ‘महामंडळ तोट्यात असताना पगार कुठून वाढवणार?’ हा प्रश्न आपोआप तयार होतो. कर्मचाऱ्यांना विलीनीकरण हवे होते ते या प्रश्नातून सुटण्यासाठी. शिक्षकाचा पगार शाळेच्या गल्ल्यातून निघत नाही, तसा आमचाही तिकिटाच्या पेटीतून निघू नये, एवढेच ते म्हणत होते.

आता पगाराबद्दल. पगार हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. त्याचा मूळ अर्थ देणे, चुकते करणे. त्याआधीचा मराठेशाहीतला शब्द मुशाहिरा, म्हणजे महिन्याचे मोल. पण किती दिले म्हणजे चुकते झाले? स्वतंत्र भारताने यावर लवकर विचार केला होता. १९४८ मध्ये नेमलेल्या न्याय्य वेतन समितीने तीन पायऱ्या सांगितल्या: किमान वेतन, न्याय्य वेतन आणि निर्वाह वेतन. संविधानाच्या ४३ व्या अनुच्छेदाने राज्यापुढे ध्येय ठेवले ते या तिसऱ्या पायरीचे. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचा हिशेबच मांडला. कुटुंबात तीन प्रौढांइतके खाणारे धरावेत, दरडोई २७०० उष्मांकांचे अन्न, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन-दिवाबत्ती व इतर खर्चासाठी एकूण किमान वेतनातले २० टक्के. पुढे १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी आणखी २५ टक्के जोडले. सरकारी कागदावर सणवाराला जागा मिळाली, याचे मला अजूनही कौतुक वाटते.

मात्र न्याय्य वेतनाला त्या समितीने वरची मर्यादाही घातली: उद्योगाची देण्याची क्षमता. आणि इथे आपण पुन्हा तोट्यापाशी येतो. ज्या उद्योगाचा भाव सरकार ठरवते, त्याची देण्याची क्षमताही सरकारच ठरवत असते.

न्याय्य म्हणजे काय हे कर्मचाऱ्यांमध्येही एका शब्दात सुटलेले नाही. २४ नोव्हेंबर २०२१ रोजी सरकारने मूळ वेतनात वाढ जाहीर केली. दहा वर्षांपर्यंत नोकरी झालेल्यांना ५०००, दहा ते वीस वर्षेवाल्यांना ४०००, त्यापुढच्यांना २५०० रुपये. सर्वांत कमी मिळणाऱ्याला सर्वांत जास्त द्यावे, हा त्यामागचा विचार. पण पंचवीस वर्षे घाटात गाडी चालवलेल्या चालकाला ती वाढ सलत राहिली. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा संप झाला आणि तडजोडीत सर्वांची वाढ ६५०० वर आणून सारखी केली गेली. ज्यांना आधी ५००० मिळाले त्यांना आणखी १५००, ज्यांना २५०० मिळाले त्यांना ४०००. एकदा गरजेला न्याय मानले, एकदा समानतेला. दोन्ही बाजूंना आपापले म्हणणे होते.

आणि संपाची झळ कोणाला बसली हेही सांगितले पाहिजे. करोनानंतर ग्रामीण महाराष्ट्रातल्या पाचवीपुढच्या शाळा ४ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडल्या होत्या आणि महिन्याभरात गाड्या थांबल्या. ज्या मुलींचा पास फुकट होता, त्यांच्यासाठी गाडीच नव्हती. विलीनीकरण शक्य नसल्याचा समितीचा अहवाल आला, अखेर उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर परतण्याची मुदत दिली आणि संप संपला. साडेपाच महिन्यांत त्या मुलींची बाजू मांडणारे कोणी वाटाघाटीला बसले नव्हते. कामगारांबद्दल आपुलकी असणाऱ्यांनी या गोष्टीवरून पुढे सरकून जाऊ नये.

आता आपल्या घरचे. मध्य प्रदेश सरकारने २००५ मध्ये राज्य परिवहन महामंडळ बंद करण्याचा निर्णय घेतला. पुढच्या काही वर्षांत त्याच्या गाड्या रस्त्यावरून गेल्या. आज इंदूरहून खानदेशात जायचे तर खासगी गाडी, नाहीतर महाराष्ट्राची एसटी. संप मिटल्यावर तीन महिन्यांनी, १८ जुलै २०२२ रोजी, इंदूरहून अमळनेरला निघालेली एसटी खलघाटाला नर्मदेत कोसळली आणि प्रवाशांबरोबर तिचे चालक-वाहकही गेले. त्या दोघांच्या नोकरीची नोंद होती, त्यांच्या माघारी कोणाकडे दाद मागायची हे घरच्यांना माहीत होते. आपल्या खासगी गाडीच्या चालकाचा पगार किती, तो किती तास जागा आहे, त्याचा मालक गाडीवर नाव लिहिलेला की आणखी कोणी, हे आपण कधी विचारत नाही. आपल्याकडे तोटा उरला नाही आणि संपही उरला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत बेस्टच्या कंत्राटी बसचालकांनी संप केला, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न हाच होता: गाडीवर नाव बेस्टचे, मग आम्ही कोणाचे?

शिक्षकांना आणि लिहिणाऱ्यांना माझी विनंती छोटी आहे. वर्गात कर्तरी-कर्मणी प्रयोग शिकवताना संपाची एक बातमी घ्या. ‘सेवा खंडित झाली’, ‘कर्मचारी बडतर्फ झाले’, ‘महामंडळाला तोटा झाला’, अशा प्रत्येक वाक्यात कर्ता शोधायला सांगा. कोणी काढले? भाडे कोणी ठरवले? कोणत्या गावची गाडी चालू ठेवण्यासाठी पैसे लागले? मुलांनी कर्ता शोधला की पगार किती असावा यावर त्यांच्यात मतभेद होतील, आणि ते व्हावेत. पण निदान ती खऱ्या प्रश्नावर भांडतील.